अन्नदाता कोण? कंपनीतील वकिलाचा धर्म

कंपनीच्या नोकरीत असलेला वकील हा एकाच अशिलाचा वकील असतो. न्यायालयात उभा राहणारा वकील आज एकाचे वकीलपत्र घेतो, उद्या दुसऱ्याचे. एखादे प्रकरण पटले नाही तर तो ते परत करतो आणि त्याचे घर त्यामुळे बसत नाही. कंपनीच्या विधी विभागातील अधिकाऱ्याला ही मोकळीक नसते. ज्याला सल्ला द्यायचा त्याच्याच हातून त्याला पगार, बढती, बदली आणि गोपनीय अहवालातला शेरा मिळतो. ज्याचे अन्न खायचे त्याला ‘हे करू नका’ असे सांगता येते का, आणि सांगूनही त्याने ऐकले नाही तर सांगणाऱ्याचे कर्तव्य तेथे संपते का, हे या नोकरीतले सर्वांत कठीण प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात अर्धवटच मिळतात. धर्मशास्त्राने मात्र त्यांचा फार पूर्वी आणि फार बारकाईने विचार केलेला आहे.

या प्रश्नाच्या सगळ्या बाजू जबलपूरमध्ये एकत्र दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय होऊन या शहरात आले. रामपूर भागातील शक्ती भवन हे जुन्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय होते. मंडळाच्या विभाजनानंतर वीजनिर्मिती, पारेषण आणि पूर्व क्षेत्रातील वितरण पाहणाऱ्या कंपन्यांचा कारभारही जबलपुरातूनच चालतो. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून येथे आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि वाहन कारखाना हे तिन्ही १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी खात्यातून कंपन्यांच्या अखत्यारीत गेले. काल ज्या फायली शासनाच्या होत्या त्या आज कंपनीच्या झाल्या आणि त्यांच्यावर मत देणारा माणूस कंपनीचा वकील झाला. याच शहरात २०१८ साली धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले.

या वकिलाचे रोजचे काम बाहेरून दिसते त्याहून व्यापक असते. वीज खरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असू शकतो. कोळसा महागला तर भार कोणी सोसायचा, कायदा बदलला तर दर बदलायचा का, वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचा का, हे त्यातल्या एकेका वाक्यावर ठरते आणि वाक्य लिहिणारा निवृत्त झाल्यावरही त्याचे पैसे लोक भरत राहतात. त्याशिवाय निविदांच्या अटी, मनोऱ्यांखालच्या जमिनी, कंत्राटदारांशी लवाद, भोपाळच्या नियामक आयोगापुढील अर्ज, दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणातील अपिले, कर्मचाऱ्यांचे दावे, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती हेही त्याच्याच टेबलावर येते. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर आणखी तीस दिवस मिळतात. त्यापुढचा एक दिवसही न्यायालय माफ करत नाही, म्हणून तारखा सांभाळणे हे या कामाचे पहिले कौशल्य आहे. आता संगणकावर करारांची छाननी होते, तारखांच्या आठवणी आपोआप येतात. अभियंत्याच्या बोलण्यातून नेमका धोका ओळखणे, तो संचालकाला समजेल अशा दोन परिच्छेदांत मांडणे आणि पॅनेलवरच्या वकिलाला योग्य कागद योग्य वेळी देणे हे मात्र माणसालाच करावे लागते.

कायद्याच्या नजरेत या माणसाचे स्थान विचित्र आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करणाऱ्या वकिलाला ती नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. हिमाचल प्रदेशाच्या वीज मंडळातील एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हाच नियम लावला आणि त्याची सनद काढून घेण्याचा निर्णय कायम ठेवला. वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे संरक्षण तरी त्याला मिळते का, हा पुढचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी, मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात, पगारी कायदा सल्लागारालाही ते मिळते असे म्हटले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली अक्झो नोबेलच्या प्रकरणात उलट भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात भारतापुरता हा वाद मिटवला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण कंपनीच्या नोकरीतील वकिलाला नाही. तो मालकावर अवलंबून असतो, मालकाच्या व्यापारी धोरणाचा त्याच्या मतावर प्रभाव पडतो, म्हणून न्यायालयात वकिली करणाऱ्याचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ नाही, असा त्या विचाराचा गाभा आहे.

हा निकाल अनेक विधी विभागांना बोचला. तो बोचावा, हे ठीकच झाले. पगार घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दलची शंका न्यायालयाने उघड बोलून दाखवली, एवढेच. ती शंका निराधार आहे हे कलमांनी सिद्ध होणार नाही. ते माणसाच्या वागण्यानेच सिद्ध होऊ शकते.

त्यासाठी आधी अशील कोण हे ठरवावे लागते. नियुक्तिपत्रावर सही व्यवस्थापकीय संचालकाची असते, पण अशील तो नसतो. अशील कंपनी असते, आणि कंपनी ही व्यक्ती असली तरी तिला तोंड नाही, भूक नाही, मरण नाही आणि सदसद्विवेकही नाही. अशा व्यक्तीची भारतीय परंपरेला चांगली ओळख आहे, कारण देवळातील देवाचे स्थान कायद्यात असेच आहे. देव जमिनीचा मालक असू शकतो का, यावर मीमांसकांनी खल केला आहे. शबरस्वामींचे मत स्पष्ट होते: देवतेला देह नाही, ती खात नाही, गावाचा उपभोग घेत नाही, म्हणून ‘देवाचे गाव’ हा बोलण्याचा उपचार आहे. न्यायालयांनी पुढे वेगळा मार्ग धरला आणि मूर्तीला विधिमान्य व्यक्ती मानले. कलकत्त्यातील एका घराण्याच्या देवपूजेच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली त्याहून पुढचे पाऊल टाकले. पूजेचे हक्कदार आपापल्या सोयीने भांडत होते. देवाची बाजू मांडायला यांतला कोणीही पुरेसा नाही, ज्याचा या वादात स्वार्थ नाही असा प्रतिनिधी देवासाठी नेमला जावा, असे त्या न्यायासनाने सुचवले.

कंपनीच्या वकिलाच्या कर्तव्याचे मूळ याच विचारात आहे. व्यवस्थापक, भागधारक आणि अध्यक्ष हे सगळे त्या देवाचे सेवेकरी. प्रत्येकाचा कशात ना कशात जीव गुंतलेला: कोणाचा या तिमाहीच्या आकड्यात, कोणाचा आपल्या मुदतवाढीत. त्या सगळ्यांच्या मधे बसून, उद्याही टिकून राहणाऱ्या कंपनीच्या वतीने बोलणारा एक आवाज लागतो. वकिलाने आपला अन्नदाता म्हणून समोरच्या साहेबाला मोजले की हा आवाज बंद पडतो. कंपनीला मोजले तर त्याच्या निष्ठेचा अर्थच बदलतो, कारण कंपनीशी प्रामाणिक राहण्यासाठी त्याला कधी कधी साहेबाच्या विरुद्ध जावे लागते.

ही व्यक्ती कल्पित असली तरी तिच्या हातून खरी माणसे मरतात, हे मध्य प्रदेशाइतके दुसऱ्या कोणत्या राज्याने जाणले नसेल. युनियन कार्बाइडच्या अमेरिकी तपासनिसांनी मे १९८२ मध्ये भोपाळच्या कारखान्यातील सुरक्षेच्या उणिवा लिहून ठेवल्या होत्या. वायू २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटला. मधल्या अडीच वर्षांत कंपनीला ‘माहीत’ होते, म्हणजे तिच्या कपाटातील कागदाला माहीत होते. नंतर अमेरिकी कंपनीचा बचाव असा राहिला की भारतीय कंपनी वेगळी व्यक्ती आहे, आपण तिच्या ५०.९ टक्के भागांचे धनी आहोत इतकेच. अंतरिम मदतीचा वाद जबलपूरच्या उच्च न्यायालयात आला. न्यायालयाने वेगळ्या व्यक्तिमत्त्वाचा हा पडदा बाजूला सारला आणि ४ एप्रिल १९८८ रोजी २५० कोटी रुपयांचा आदेश दिला. वेगळ्या व्यक्तिमत्त्वाचा युक्तिवाद कायद्याने चुकीचा नव्हता. धोक्याचा अहवाल हाती असताना कोणी तरी आग्रहाने बोलायचे असते, त्या क्षणी मात्र तो युक्तिवाद कोणाच्याही उपयोगाचा नव्हता.

मोठी दुर्घटना आयुष्यात एकदा येते. विधी विभागाची परीक्षा रोजच्या लहान फायलींवर होते. मध्य प्रदेश विद्युत मंडळाचेच एक प्रकरण घेता येईल. पावसाळ्यातल्या एका रात्री कारखान्यातून सायकलने घरी निघालेला एक कामगार पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेला लागून मेला. घरच्यांनी भरपाई मागितली. मंडळाचे म्हणणे असे की ती तार वीज चोरण्यासाठी एका तिऱ्हाइताने ओढली होती, मग दोष मंडळाचा कसा? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे २००२ साली मंडळ हरले. जीवघेणी वस्तू जो खेळवतो त्याच्यावर तिची जबाबदारी असते, त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, असे न्यायालयाने सांगितले.

या निकालाकडे धर्माच्या बाजूने पाहिले तर अपील करावे की नाही हा त्यातला खरा प्रश्न दिसतो. विधी अधिकाऱ्यावर इथे दोन कर्तव्ये येतात. मंडळाचा पैसा लोकांचा आहे, तो उधळता येत नाही. मेलेल्याचे घरही लोकांपैकीच आहे. नवीन मुद्दा खरोखर अनिश्चित असेल तर तो वरच्या न्यायालयाकडून ठरवून घेण्यात गैर नाही, कारण त्यातून पुढच्या शेकडो प्रकरणांना दिशा मिळते. पण मुद्दा ठरून गेल्यावरही सार्वजनिक उपक्रमांत अपिले होत राहतात, त्याचे कारण निराळे आहे. अपील केले म्हणून लेखापरीक्षक कोणाला विचारत नाही. न केल्याबद्दल विचारतो. मग नोटशीटवर ‘अपील करणे योग्य राहील’ असा शेरा पडतो, फाईल हलते आणि एक विधवा आणखी काही वर्षे थांबते. अशा शेऱ्याने कंपनीचे हित होत नाही. शेरा लिहिणारा तेवढा सुरक्षित राहतो. या व्यवसायातला सर्वांत नित्याचा अधर्म हाच आहे, आणि त्यात एकही कलम मोडलेले नसते.

धर्मशास्त्राने ही जागा अचूक ओळखली होती. राजाच्या न्यायसभेत बसणाऱ्या सभ्यांबद्दल बोलताना मनुस्मृती सांगते की सभेत झालेल्या अधर्माचे चार भाग होतात: एक करणाऱ्याकडे जातो, एक साक्षीदारांकडे, एक राजाकडे आणि एक सभासदांकडे. म्हणजे बसून पाहणाऱ्यालाही करणाऱ्याइतकाच वाटा आहे. कात्यायनाने याहून सूक्ष्म विचार केला. कात्यायनस्मृती हा ग्रंथ मूळ रूपात नष्ट झाला होता. निबंधकारांनी उद्धृत केलेल्या वचनांतून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी तो जुळवून १९३३ साली प्रसिद्ध केला. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयातील वकील होते. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न मिळवणाऱ्या या मराठी वकिलामुळे कात्यायन आज वाचता येतो. अधर्माकडे निघालेल्या राजाकडे सभ्यांनी डोळेझाक करू नये, केली तर ते त्याच्याबरोबरच नरकात जातात, असे कात्यायन म्हणतो. पुढे तो असेही म्हणतो की सभ्याने धर्माला धरून असलेले बोलणे बोललेच पाहिजे, आणि ते राजाने ऐकले नाही तर सभ्य ऋणातून मोकळा होतो.

मिठाला जागणे म्हणजे धन्याच्या हो ला हो म्हणणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. कात्यायनाच्या हिशेबात खाल्लेल्या अन्नाचे ऋण गप्प राहून फिटत नाही, बोलूनच फिटते. कंपनीतल्या वकिलाच्या पगाराचा यापेक्षा स्वच्छ अर्थ सांगता येणार नाही. त्याला पगार मिळतो तो नको असलेली गोष्ट वेळेवर ऐकवण्यासाठी.

महाभारतातल्या सभेत हे उलट्या बाजूने दिसते. स्वतःला हरलेल्या माणसाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा द्रौपदीचा प्रश्न शुद्ध कायद्याचा होता. ज्याच्या मताला सर्वांत जास्त वजन होते त्या भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय टाळला. पुढे युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला आला तेव्हा त्यांनी कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेल्याची कबुलीही दिली. विधी विभागातून निघणारी ‘दोन्ही मते संभवतात, व्यवस्थापनाने योग्य तो निर्णय घ्यावा’ अशा थाटाची मते भीष्मांच्याच घराण्यातली आहेत. प्रश्न कधी खरेच दुहेरी असतो आणि तेव्हा तसे लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. उत्तर माहीत असताना धुके पसरवणे ही मात्र चोरी आहे. विदुरही त्याच घरचे अन्न खात होता. तो त्या सभेत बोलला, आणि गप्प बसणाऱ्या सभासदांना त्यांच्या पापाची आठवणही त्याने करून दिली. वनपर्वात धृतराष्ट्र त्याच्या सल्ल्याने चिडून त्याला निघून जायला सांगतो, तेव्हा तो काम्यक वनात पांडवांकडे जातो. धृतराष्ट्राला पश्चात्ताप होऊन बोलावणे येते तेव्हा परत येतो आणि पुन्हा तेच सांगू लागतो. नोकरीतल्या वकिलासाठी यापेक्षा जवळचा आदर्श नाही.

बोलून ऋण फिटले, तरी त्याच आसनावर बसून राहावे का? कात्यायनाचे वचन इथे अपुरे पडते. जबलपूरचे नाव भारतीय कायद्यात ज्या खटल्यामुळे कायमचे कोरले गेले तो या प्रश्नाला भिडतो. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येईल, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. त्याविरुद्धची अपिले ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात चालली. सरकारचे महान्यायवादी निरेन डे यांना न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले की पोलिसाने वैराने एखाद्याचा जीव घेतला तर काय. आणीबाणी चालू असेपर्यंत त्यावर न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकले. एकटे खन्ना विरोधात राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांचे सरन्यायाधीशपद हिरावले गेले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्दबातल ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

महान्यायवादी हा काही नोकर नव्हे, पण एकाच बलाढ्य अशिलाचा वकील तो असतोच. त्याच सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी आणीबाणी जाहीर होताच, जून १९७५ मध्ये, राजीनामा दिला होता. मराठी वाचकाला रामशास्त्री प्रभुणे आठवतील. नारायणरावांच्या ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून त्यांनी पेशव्यांची चाकरी आणि पुणे सोडले, आणि बारभाईंच्या कारभारात ते न्यायासनावर परतले. नरिमन आणि रामशास्त्री यांच्या सोडून जाण्यात एक गोष्ट समान आहे. अशिलाने चूक केली म्हणून ते गेले नाहीत. यापुढे आपल्या विद्येचा उपयोग मुळावरच घाव घालण्यासाठी होणार, हे स्पष्ट झाल्यावर गेले.

मर्यादा तेथेच आखावी लागते. पैशाच्या वादात, दंडाच्या भीतीत, वाईट करारात वकिलाने आपले मत एकदा नीट, लेखी द्यावे आणि निर्णय व्यवस्थापनावर सोपवावा. धंद्यातली जोखीम पत्करण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे, आणि प्रत्येक फाईलवर हौतात्म्य मागणारा वकील कोणाच्याच कामाचा नसतो. पण लोकांचा जीव धोक्यात असेल, न्यायालयापुढे खोटा कागद जाणार असेल किंवा फसवणूक झाकायची असेल, तर मत देऊन मोकळे होता येत नाही. वकिलाच्या गोपनीयतेचा कायदासुद्धा बेकायदेशीर हेतूसाठी झालेल्या बोलण्याला संरक्षण देत नाही. अशा वेळी विषय वरच्या पायरीवर, लेखापरीक्षण समितीपर्यंत, न्यावा लागतो आणि तेथेही दार बंद असेल तर नोकरी सोडावी लागते. हे लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणे, छोट्या शहरात दुसऱ्या नोकरीची वानवा या खऱ्या अडचणी आहेत आणि त्यांना भित्रेपणा म्हणणे अन्याय्य होईल.

म्हणूनच कौशल्य आणि धर्म इथे वेगळे काढता येत नाहीत. जो वकील करार सहीला आल्यावर नव्हे, तर बोलणी चालू असतानाच खोलीत असतो त्याला शेवटी ‘नाही’ म्हणण्याची वेळ कमी वेळा येते. नकाराबरोबर दुसरी वाट सुचवता येण्याइतका धंदा समजत असेल तर नकार ऐकला जातो. मत एका पानात, तारखेसह, ‘करू नये’ असे स्वच्छ लिहिलेले असेल तर ते दडपणे साहेबालाच धोक्याचे वाटते.

पण सगळा भार एकट्याच्या धैर्यावर टाकणे योग्य नाही. कंपनी कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे मुख्य कार्यकारी, कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी यांची नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावानेच होते. विधिप्रमुखाचे नाव त्या यादीत नाही; त्याला एका माणसाच्या सहीने आणता येते आणि काढताही येते. त्याचे नाव त्या कलमात घालावे आणि मंडळाच्या ठरावाशिवाय त्याला काढता येऊ नये, ही दुरुस्ती संसदेने करायला हवी.